एका गुंठ्यावर एक इंच: पुरानं खरडून नेलेलं रान पुन्हा कसं उभं राहतं

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तेरणा नदीचं पाणी उतरलं आणि आम्ही मामांच्या शेतात गेलो. सोयाबीन गेलं असणार, हे घरातून निघतानाच ठाऊक होतं. नदीकडच्या वीस गुंठ्यांत पोचल्यावर मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि जमिनीवर पाय दाबून बघितला. एवढ्या पावसानंतर काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुतायला पाहिजे. तो रुतला नाही. पायाखाली पिवळा मुरूम होता. बांधावरच्या लिंबाच्या मुळ्या हातभर उघड्या पडून लोंबत होत्या.

पीक गेलं तर एक हंगाम जातो. माती गेली तर काय जातं आणि ती परत कशी आणायची, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. मग कृषी सहायकांना, जेसीबीवाल्यांना आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारत गेलो. जे कळलं ते इथे मांडतोय. मराठवाड्यात नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या कितीतरी घरांपुढे आज हाच प्रश्न आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पुरानं रानाचं होणारं नुकसान तीन तऱ्हेचं असतं आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिली तऱ्हा खरडलेल्या जमिनीची. वरचा काळा थर वाहून जातो आणि मुरूम किंवा खडक उघडा पडतो. दुसरी तऱ्हा उलटी. दुसऱ्याच्या रानातली माती, वाळू, गोटे आपल्या रानात येऊन बसतात. तिसरी चिबडाची. माती जागेवरच असते, पण आठ-आठ दिवस पाण्याखाली राहिल्यानं तिच्यातली हवा निघून जाते, मुळ्या सडतात आणि जमीन घट्ट होते. एकाच गट नंबरात तिन्ही तऱ्हा सापडू शकतात. मामांच्या रानात वरच्या अंगाला चिबड, खालच्या अंगाला खरड आणि मधे बांधाच्या आडोशाला वीतभर गाळ होता. पंचनाम्याच्या वेळी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दाखवायला हव्यात, कारण पिकाच्या नुकसानीचा आणि जमिनीच्या नुकसानीचा हिशेब सरकारदरबारीही वेगळा होतो. घाईत फक्त ‘सोयाबीन, बाधित’ एवढंच लिहिलं गेलं, तर जमिनीचं नुकसान कागदावर येतच नाही. पुढे त्यासाठी किती हेलपाटे मारावे लागतात, ते आमच्या शेजारच्या एका कुटुंबानं भोगलंय.

माती गेली कशी?

मराठवाड्याचं पावसाळ्यातलं सरासरी पाऊसमान ६८० मिलिमीटरच्या आसपास आहे. चार महिन्यांत वाटून पडला तर हा पाऊस आपल्या काळ्या मातीला मानवतो. एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे वर्षाच्या पावसाचा जवळपास दहावा हिस्सा एका दिवसात. सप्टेंबर २०२५ मध्ये असे दिवस एकामागून एक आले.

त्यात आपल्या मातीचा स्वभावही कारण ठरला. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही माती चिकण असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ओली झाली की ती फुगते. मृगाचा पाऊस भेगांतून थेट खोल मुरतो. पण फुगल्यावर भेगा मिटतात आणि मग पाणी फार सावकाश आत जातं. सप्टेंबरपर्यंत रान आधीच पोटभर पाणी पिऊन बसलेलं होतं. वरून पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब मग उताराला लागला.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. खरड सुरू होते ती बहुधा फुटलेल्या बांधापासून. बांधाच्या वर पाणी तुंबतं, एक जागा देते आणि तिथून पाणी धबधब्यासारखं खाली कोसळतं. जिथे पडतं तिथे खड्डा होतो आणि त्या खड्ड्याची वरची कड ढासळत ढासळत रानाच्या आत सरकते. पाणी खाली जात असतं, घळ मात्र वर चढत असते. मामांचे वीस गुंठे असेच गेले, एका रात्रीत.

जे गेलं ते नुसतं रंगानं काळं नव्हतं. शेणखत, पालापाचोळा, मुळ्या, गांडुळं, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू हे सगळं वरच्या वीतभर थरात असतं. पिकाचं बहुतेक खाणंपिणं तिथूनच होतं. निसर्गाला एक इंच माती घडवायला शेकडो वर्षं लागतात. खालच्या मुरमात नत्र नावापुरतं आणि ओल धरायची ताकद त्याहून कमी. त्यात युरिया टाकला तर तो पहिल्या पावसात खाली उतरून जातो.

आता हिशेब

गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं मला हा हिशेब बोटांवर करून दाखवला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर एक इंच माती पसरायची तर सुमारे ९० घनफूट लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे एका गुंठ्यावर एक इंच माती म्हणजे जवळजवळ एक ब्रास, ट्रॉलीची एक चांगली भरलेली खेप.

मामांच्या वीस गुंठ्यांतून सरासरी नऊ इंच थर गेला. लिंबाच्या मुळ्यांवरच्या मातीच्या रेषेवरून आम्ही तो मोजला. वीस गुंठे, नऊ इंच: एकशेसाठच्या वर खेपा. तलाव दीड-दोन किलोमीटरवर असेल, तर एक ट्रॅक्टर दिवसाला आठ खेपा करतो. एकट्या माणसानं हे काम करायचं म्हटलं तर वीस दिवस, तेही ट्रॅक्टर स्वतःचा असेल आणि डिझेलला पैसे असतील तर.

सरकारनं ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं असं धरलं होतं. हेक्टरात शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला ४७० रुपये रोख आणि ३,००० रुपयांपर्यंतचं काम. वीस गुंठ्यांचे सगळे मिळून साधारण ६९ हजार होतात. ते एकशेसाठ खेपांवर वाटले तर खेपेला सव्वाचारशे रुपये पडतात. त्यातच जेसीबीनं भरणं, वाहतूक, पसरवणं आणि बांध घालणं बसवायचं. ही मदत मोठी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण पैसे पोचण्याची वेळ आणि गाळ उपसण्याची वेळ जमेलच असं नाही. उपसा होतो तलाव आटल्यावर, एप्रिल-मे महिन्यात. मृग लागला की ट्रॅक्टर तळ्यात उतरत नाही. ही मधली फट गावालाच भरून काढावी लागते.

इर्जिक

फट कशी भरायची याचं उत्तर आपल्याकडे जुनंच आहे. इर्जिक. एखाद्याचं काम अडलं की सगळ्यांनी आपापली बैलं-अवजारं घेऊन एका दिवसात ते उरकायचं आणि ज्याचं काम त्यानं जेवण द्यायचं. मजुरी नाही. बैलं गेली तशी इर्जिकही मागे पडली. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, इतकाच काय तो फरक.

मामांच्या गावात हे ठरलं ते येळवसेला. डिसेंबरातल्या त्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडचं अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप उभारायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे आणि भज्जी, अंबील, भाकरी करून वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालायचं. त्या वर्षी नदीकडच्या रानात कोप करायला कडबाच नव्हता. वरच्या शिवारातल्या तीन घरांनी आपल्या पेंढ्या आणून खालच्या रानात एक मोठी कोप केली. जेवणं झाल्यावर तिथेच बसून कुणाचं किती रान गेलं, किती ट्रॅक्टर आहेत, तलाव कुठला, याची यादी झाली. आठ ट्रॅक्टर निघाले. वीस दिवसांचं काम अडीच दिवसांवर आलं.

आधी कुणाचं रान घ्यायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. ज्याचा ट्रॅक्टर त्याचं रान आधी, असं झालं असतं तर शेवटी उरले असते एकट्या बाया, म्हातारी जोडपी आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही ते. बटईनं किंवा ठोक्यानं शेती करणाऱ्याचं पीक पुरात जातं, पण अनुदान जमिनीच्या मालकाच्या खात्यात येतं. हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. तिथे एका आजींनी ते बोलून दाखवलं. यादी उलटी केली गेली. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचं रान आधी. मामा सातवे.

माती आणायची कुठून?

गायरानातून किंवा दुसऱ्याच्या पडीकातून माती उकरून आणणं म्हणजे खरड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं. ते करू नये. चांगली जागा म्हणजे तलाव. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून जे पाझर तलाव उभे केले, त्यांत पन्नास वर्षांत आपल्याच रानांची माती जाऊन बसली आहे. ती परत आणली तर रानाला थर मिळतो आणि तलावाला पोट मिळतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ पासून याच तत्त्वावर आहे. पण दोन पथ्यं कडक पाळायची. तलावाच्या भरावाजवळ खोदायचं नाही. आणि गाळ संपून मुरूम किंवा वाळू लागली की तिथेच थांबायचं.

गाळ चांगला की नाही, हे घरी बघता येतं. मामीनं लोणच्याची रिकामी काचेची बरणी दिली. तिच्यात तिसरा हिस्सा गाळ, वर पाणी, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवलं आणि बरणी खिडकीत ठेवली. मिनिटाभरात तळाशी जाड वाळू बसली. दोन-तीन तासांत तिच्यावर मऊ पोयट्याचा करडा थर आला. चिकण माती मात्र पाण्यात तरंगत राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी लावून मोजण्याइतकी खाली बसली. वाळूचा थर अर्ध्याहून जास्त असेल तर त्या जागेचा गाळ वाहून आणण्यात डिझेल फुकट जातं. आमच्या तलावाच्या तोंडाशी, जिथे ओढा येऊन मिळतो तिथे, नेमकं तसंच निघालं. आतल्या बाजूचा गाळ चांगला होता. सामू (माती आम्ल की विम्ल) आणि क्षार बघायला माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावाच. ते बरणीत दिसत नाही.

एक चूक बऱ्याच ठिकाणी होते, म्हणून मुद्दाम सांगतो. फुकट मिळतोय म्हणून चांगल्या भारी काळ्या रानातही लोक गाळ टाकतात. चिकण मातीवर आणखी चिकण माती पडली की निचरा बसतो आणि रान चिबडतं. गाळ हे हलक्या, मुरमाड, खरडलेल्या जमिनीचं औषध आहे.

कामाचा क्रम: आधी बांध, मग गाळ. फुटलेला बांध दगडानं बांधून घ्यायचा आणि जादा पाणी जायला दगडी सांडवा ठेवायचा, नाहीतर पुढच्या पावसात एकशेसाठ खेपा नदीला जातील. मग उघडा मुरूम नांगरून किंवा फणानं उकरून घ्यायचा. टणक मुरमावर गाळ नुसता अंथरला तर दोन्हींची सांगड बसत नाही, मुळ्या तिथेच अडतात आणि वरचा थर घसरतो. मग गाळ पसरायचा, ढेकळं उन्हात तापू द्यायची आणि शेणखत जमेल तेवढं मिसळायचं. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याला आला की, म्हणजे दीड महिन्यात, जमिनीत गाडायचा. त्याच्या मुळ्यांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात आणि कुजलेला पाला गाळाला जिवंत करतो. पहिल्या वर्षी ऊस लावायचा मोह आवरावा. मूग, उडीद, तूर या पिकांनी जमीन आधी हाताखाली घ्यावी.

वाळू साचलेल्या रानाचं थोडक्यात: दोन-तीन इंच असेल तर भारी जमिनीत नांगरून मिसळता येते, जास्त असेल तर काढावी लागते. वाळू गौण खनिज आहे, त्यामुळे ती रानाबाहेर नेण्याआधी तहसीलमधून लेखी घ्यावं. विहीर बुजली असेल तर एकदम उपसू नये. बाहेरची माती पाण्यानं फुगलेली असते आणि आतलं पाणी तिला धरून ठेवतं. ते झटक्यात काढलं की कडा आत कोसळतात. रोज थोडं थोडं उपसावं आणि कुणाला आत उतरवण्याची घाई करू नये.

बाहेरून मदत करणाऱ्यांना

मामांचं गाव नव्या जागी वसलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वरची मातीची माळवदं माणसांवर आली. नंतर बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी बसवली गेली. तेव्हा सगळ्या देशातून मदत आली. बीड जिल्ह्यातून आलेल्या शांतीलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं गावोगावच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घरदुरुस्तीची योजना काय आहे, पैसे कुठल्या टप्प्यावर मिळतात, भिंत कशी मजबूत करायची, हे या बायांनी शेकडो गावांत घराघरांत जाऊन सांगितलं. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बाया गुजरातला गेल्या. भाषा वेगळी होती, पण घर पडल्यावर पहिल्या महिन्यात काय लागतं आणि सहाव्या महिन्यात काय लागतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

पुराच्या मदतीतही नेमकं हेच हवं असतं. पहिल्या आठ दिवसांत धान्य, पिण्याचं पाणी, ताडपत्री, जनावरांना चारा. कपड्यांचे ढीग मात्र गावोगावी समाजमंदिरात पडून राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. महिन्याभरानं रब्बीचं बियाणं लागतं. गाळ साचलेल्या रानात हरभरा चांगला येतो आणि घरात दोन पैसे आणतो. खरी अडचण सहा महिन्यांनी येते, जेव्हा बातम्या संपलेल्या असतात आणि तलाव आटलेला असतो. तेव्हा डिझेल लागतं. पुण्या-मुंबईत असलेल्या आमच्या गावच्या पोरांनी एप्रिलमध्ये एकेका ट्रॅक्टरच्या एकेका दिवसाचं डिझेल वाटून घेतलं. त्यावर तळ्यातला गाळ खालच्या शिवारात आला.

आणि ओढा. गाळ भरून झाल्यावर याकडे बघितलं नाही तर पुन्हा तेच. गेल्या तीस वर्षांत आपण ओढ्याच्या अगदी कडेपर्यंत नांगर नेला. काठावरचे करंज, शिंदीची बनं, बाभळी काढल्या, दोन सऱ्या जास्त बसाव्यात म्हणून. त्या झाडांच्या मुळ्यांनी काठ धरलेला होता. आता काठापासून काही हात पट्टा सोडून तिथे वाळा, बांबू, करंज, निरगुडी लावायला हवी. वाळ्याच्या मुळ्या सरळ खोल जातात आणि माती घट्ट बांधून ठेवतात. ओढे सरळ आणि खोल खणून टाकायची जी हौस आलीय, तिच्याबद्दल मला भीती वाटते. वळणं काढली की पाणी धावतं आणि खालच्या गावाची माती नेतं. काम माथ्यापासून सुरू व्हायला हवं. वर समतल चर, म्हणजे उताराला आडवे खणलेले चर, मग बांधबंदिस्ती आणि शेवटी नाला. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं नव्वदच्या दशकात जलसंधारणतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं माथा ते पायथा असंच काम केलं. दुष्काळात तिथल्या द्राक्षबागा तगल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाहतं पाणी वरच अडवलं तर खालची माती जागेवर राहते, हेही त्याच कामातून दिसतं.

मामांच्या रानातली इर्जिक मे महिन्यात झाली. अडीच दिवस. येसराची आमटी, भाकरी आणि ठेचा. एकशेसाठ खेपांत नऊ इंच पुरते भरले नाहीत, मधे एक पट्टा सहा इंचांचाच राहिला. तो पुढच्या उन्हाळ्यात. वीस गुंठ्यांना दहा-बारा किलो ताग लागतो. मामांनी बावीस किलो आणून ठेवलाय, कारण ओढ्यापलीकडच्या एकट्या काकूंच्या रानातही गाळ पडलाय आणि तिफण मामांच्याच ट्रॅक्टरची जाणार आहे.